चौदा पावलं खिडकीपर्यंत

४ मार्च

निवृत्तीच्या दिवशी शाळेतून एक कोरी हजेरीवही उचलून आणली होती. कशासाठी ते तेव्हाही माहीत नव्हतं. आज सोळा वर्षांनी ती कामाला आली.

हिला आज दवाखान्यातून घरी आणलं. बाथरूममध्ये पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं, त्याला सतरा दिवस झाले. ऑपरेशन झालं, आत सळई बसली, टाके निघाले. आम्ही राहतो दुसऱ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही. चौघांनी खुर्चीत बसवून वर चढवलं. प्रत्येक वळणावर ही त्यांना बजावत होती, सावकाश हो, मी काय कपाट आहे का. त्यातला एक म्हणाला, आजी, कपाट परवडलं, ते बोलत नाही. सगळे हसले. मी मागून पायऱ्या मोजत होतो. छत्तीस आहेत.

व्यायाम शिकवायला एक फिजिओथेरपीवाली मुलगी आठवड्यातून दोनदा घरी येणार आहे. तिच्याकडे सांध्याचा कोन मोजायची एक पट्टी असते. हिने पहिल्या पाच मिनिटांत तिचं नाव ठेवलं मोजपट्टी. मोजपट्टीने मला बाजूला घेऊन सांगितलं, काका, एप्रिलअखेरपर्यंतचे दिवस फार महत्त्वाचे आहेत. या वयात तेवढ्या काळात माणूस आपल्या पायांनी चालू लागला तर लागला, नाहीतर स्नायू गळून जातात आणि मग कायमचं अंथरूण. रोज काय काय केलं ते लिहून ठेवा, आणि कसं वाटलं तेही लिहा, असं म्हणाली.

करून घेणं हे तर माझं उभ्या जन्माचं काम. तेहतीस वर्षं शाळेत कवायत शिकवली. आज चौऱ्याहत्तराव्या वर्षीही रोज सकाळी सहाला मैदानावर अकरा म्हाताऱ्यांची तुकडी माझ्या शिट्टीवर हात-पाय हलवते. घरातल्या एका बाईला उभं करणं म्हणजे काय मोठंसं. वहीत रकाने आखले: घोटा, टाच, मांडी, वॉकर. शेवटचा रकाना ‘वेळ वाया’. तो मी शाळेतही ठेवायचो.

५ मार्च

घोटा ४. टाच ३. मांडी ०. वॉकर ०.

सांगितले होते प्रत्येकी दहा. चौथ्याला म्हणाली दुखतंय. मी म्हणालो दुखणारच, दुखतं म्हणजे काम होतंय. ती म्हणाली, मग झालं की काम. आणि डोळे मिटून घेतले.

मी तिला समजावलं. कवायतीत पोरांचा गोंधळ झाला की मास्तर एक हुकूम देतो, ‘जैसे थे’. म्हणजे आधी जसे उभे होतात तसे परत व्हा. तर म्हटलं, तू नीट व्यायाम केलास तर दोन महिन्यांत जैसे थे.

"जैसे थे म्हणजे कसे?" तिने विचारलं.

"पडायच्या आधी होतं तसं. तू तुझ्या कामाला, मी माझ्या मैदानावर."

तिने छताकडे बघितलं. मग म्हणाली, पेपर वाचून दाखवा, मला आडवं पडून चष्मा लावता येत नाही.

वेळ वाया: पेपर, पन्नास मिनिटं.

९ मार्च

मैदानाला पूर्ण सुट्टी. तुकडी पोस्टमास्तरांच्या हवाली केली आहे. ते शिट्टी वाजवतात की दम टाकतात हे लांबून कळत नाही, पण इलाज नाही.

घरचा कार्यक्रम असा. सकाळी सहाला चहा, तो मी करतो. तिच्या मते तो चहा नव्हे, चहाचा संशय. मग पेपर. पेपरातलं शब्दकोडं. हिने पूर्वी टेलिफोन खात्यात लोकांना नंबर जोडून देण्यात अठ्ठावीस वर्षं घालवली, त्यामुळे डोकं तल्लख आहे. मी आडवा शब्द वाचेपर्यंत तिचा उभा तयार असतो. मग मावशी येतात. त्या स्वयंपाक करतात आणि हिला आंघोळ घालतात. मग वेणी. मावशींना घाई असते, म्हणून वेणी माझ्याकडे आली. मी शिबिरात तंबूचे दोर बांधायला शिकवायचो, त्याच हाताने घातली. तिने आरशात बघितलं आणि म्हणाली, "आता वारा सुटला तरी मी उडत नाही." आणि इतकी हसली की पोटाशी हात धरावा लागला.

संध्याकाळी म्हणाली, आजचा दिवस बरा गेला. काय बरा गेला? घोटा २, टाच ०. वेळ वाया: तीन तास दहा मिनिटं.

१४ मार्च

तुकडीतले दोघे भेटायला आले, पोस्टमास्तर आणि निवृत्त बँकवाले. दोघांनी मैदानावरचे बूट दारात काढले, तेव्हा मी माझ्या बुटांकडे बघितलं. महिना होत आला, मी ते बूट घातलेले नाहीत. बँकवाले म्हणाले, मास्तर, तुमच्याशिवाय तुकडी म्हणजे नुसता गप्पांचा अड्डा. कधी येताय? मी म्हणालो, ही ज्या दिवशी आपल्या पायांनी या खोलीतून त्या खोलीत जाईल, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला हजर.

सकाळी हिने चक्क वॉकर धरून मिनिटभर उभं राहून दाखवलं होतं. मला वाटलं संध्याकाळी दोन पावलं टाकेल. पण ते दोघे गेले आणि हिचा पाय असा ठणकायला लागला की विचारू नका. गोळी द्यावी लागली. कुठे माशी शिंकली कळत नाही. उद्यापासून पाहुणे बंद, बोलून बोलून तिला थकवा येतो.

१८ मार्च

सगळे उपाय करून बघतोय.

भीती: माझ्या काकांची गोष्ट सांगितली. अंथरुणाला खिळले, पाठीला जखमा झाल्या, शेवटी कूस बदलायलाही माणूस लागायचं. तिने नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, काकू कुठे होत्या तेव्हा? म्हटलं, कुठे असणार, त्यांच्या उशाशी. दोन वर्षं उंबरा ओलांडला नाही बिचारीने. "हं," म्हणाली. भीतीचा म्हणावा तसा परिणाम झाला नाही.

बक्षीस: व्यायाम झाला की वहीत लाल तारा. तिने पेन मागून घेतलं आणि पहिल्या ताऱ्याला मिशा काढल्या. माझ्यासारख्या.

शिस्त: दार लावून घेतलं, शिट्टी वाजवली. खालच्या मजल्यावरचं बाळ उठलं आणि त्याची आई वर भांडायला आली.

मोजपट्टीला हे सगळं सांगितलं तर ती माझ्यावरच घसरली. म्हणाली, काका, धाक घालू नका. या वयातली माणसं मार्कांसाठी उठत नाहीत. त्यांना उठायला कारण लागतं. तुमचं नाही, त्यांचं स्वतःचं. मी विचारलं, चालता येणं हे कारण नाही का? ती म्हणाली, चालून कुठे जायचं ते काकूंना विचारा. पंचवीस वर्षांची पोर. पण बोलणं डोक्यात राहिलं.

२१ मार्च

कारण, कारण. तुकडीलाच विचारावं म्हटलं. फोनवर एकेकाला गाठलं: तुम्ही रोज सकाळी मैदानावर कशासाठी येता?

आरोग्यासाठी, असं उत्तर फक्त दोघांनी दिलं आणि त्यातला एक गेला महिनाभर आलेलाच नाही. एक म्हणाले, घरात सगळ्यांची आवराआवर सुरू होते, तेव्हा आपली अडचण नको. तुकडीतल्या निवृत्त नर्सबाई म्हणाल्या, बहिणीला लकवा झाला तेव्हापासून भीती बसली, हात वर केला की वाटतं आजचा दिवस निभावला. बँकवाले आधी उडवाउडवी करत होते. मग म्हणाले, मास्तर, तुम्ही हजेरी घेता ना. बायको गेल्यापासून मला नावाने हाक मारणारं दुसरं कोणी उरलं नाही.

सोळा वर्षं मला वाटत होतं, ही मंडळी माझ्या कवायतीसाठी येतात. मोजपट्टीला यातलं काही सांगणार नाही.

२६ मार्च

आज हिलाच सरळ विचारलं. बरी झालीस की तुला कुठे जावंसं वाटतं? बाग, बाजार, लेकीचं गाव, काहीही सांग, आपण ते ध्येय ठेवू.

ती म्हणाली, "मला कुठे जायचंय? मला जे हवं ते सगळं या खोलीतच आहे."

म्हटलं, या खोलीत काय आहे? पलंग, खुर्ची, औषधांचा डबा. ती म्हणाली, बघा बरं नीट. मी बघितलं. पंखा पुसायला झालाय, मावशींना सांगायला हवं.

मग वेणी घालताना पुन्हा बोलली, हसत हसत. "मी उभी राहिले की तुम्ही सुटलात."

"म्हणजे काय," मी म्हणालो, "दोघंही सुटलो."

लेकीचा फोन आला. तिचं म्हणणं, आई जिना उतरू शकणार नसेल तर आत्ताच सांगा, मी तिला इकडे घेऊन येते, इकडे तळमजला आहे. पण एकच खोली मोकळी आहे, बाबा, तुम्ही अधूनमधून या. म्हटलं, काही गरज नाही, आई चालणार आहे. हे मी ठासून सांगितलं.

२ एप्रिल

घोटा ०. टाच ०. मांडी ०. वॉकर ०.

मोजपट्टीने आज गुडघ्याचा कोन दोनदा मोजला. पहिल्यांदा मोजल्यावर तिला खरं वाटलं नाही. मागच्या आठवड्यापेक्षा कमी. म्हणाली, काका, चार आठवडे उरले. ती गेल्यावर मी हिच्यावर ओरडलो. आळशी म्हणालो, नाटकी म्हणालो, तुला बरं व्हायचंच नाही म्हणालो. तिने तोंड भिंतीकडे केलं. मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो आणि मला रडू आलं. शेवटचं कधी रडलो होतो ते आठवत नाही.

मी घाबरलो आहे. हे वहीत लिहितो, कारण दुसरीकडे कुठे बोलायची सोय नाही. हुकूम सोडणं याखेरीज मला काही येत नाही. समोरचा हुकूम ऐकेनासा झाला की माझ्या हातात काय उरतं? पालथ्या घड्यावर पाणी ओततोय, आणि घडा माझ्याच घरचा.

५ एप्रिल

जमलं! शाळेतली युक्ती आठवली.

प्रत्येक वर्गात एखादं बसकं पोर असायचं. ओरडा, मारा, ते कोपऱ्यातून हलायचं नाही. त्याच्याशी बोलणंच सोडायचं. त्याला कोपऱ्यात ठेवून पाठ फिरवायची आणि बाकीच्यांचा खेळ सुरू करायचा. दहा मिनिटांत ते आपसूक रेषेवर येऊन उभं राहायचं. तेहतीस वर्षांत ही युक्ती एकदाही फसली नाही.

काल मावशींना लवकर यायला सांगून ठेवलं. आज पहाटे बूट घातले. ती बघत होती. विचारलं, कुठे? म्हटलं, मैदानावर. तुला व्यायाम करायचा नाही, मला तरी करू दे. आणि निघालो. जिन्यात पाय अडखळला, पण मागे वळलो नाही.

सव्वासातला परत आलो तर ही खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेली, शेजारी वॉकर. मावशी म्हणाल्या, मी भाजी चिरत होते, ताई आपल्या आपण गेल्या. पलंगापासून खिडकीपर्यंत मी पावलं टाकून मोजली. माझी सात. तिची चौदा तरी असणार.

वॉकर: १४. दोनदा अधोरेखित केलं आहे.

८ एप्रिल

वॉकर: २८. खिडकी आणि परत.

१२ एप्रिल

वॉकर: ५६. दोन फेऱ्या. मैदानावर बातमी सांगितली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पोस्टमास्तरांनी शिट्टी मला परत दिली.

मावशींनी वेणी घालायचं काम पुन्हा आपल्याकडे घेतलं. मी येतो तोवर होऊन गेलेली असते. शब्दकोडं राहून जातं. वेळ वाया: शून्य.

१९ एप्रिल

मोजपट्टी खूश. कोन वाढला, मांडीत जोर आला. हिला विचारलं, काकू, कसं वाटतंय? ही म्हणाली, बरं आहे. मोजपट्टी तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. मग मला विचारलं, तुम्ही काय केलंत? म्हटलं, अनुभव. सविस्तर सांगितलं नाही, ती पुन्हा शिकवायला लागली असती.

मी एक निरीक्षण नोंदवतो. साडेसातला परतलो त्या दिवशी तीन फेऱ्या. पावणेआठला परतलो त्या दिवशी पाच, आणि शिवाय पुढच्या दारापर्यंत. म्हणजे मला जितका उशीर तितकी तिची पावलं जास्त. गणित सोपं आहे. आता रोज दहा मिनिटं वाढवत नेणार.

मावशी भांडी घासताना म्हणाल्या, सर, ताई हल्ली बोलत नाहीत हो. चहा पुढ्यात निवून जातो. मी म्हणालो, पोरं मैदानावर घाम गाळायला लागली की बडबड आपोआप कमी होते. मावशी नळ सोडून भांडी विसळत राहिल्या.

२४ एप्रिल

निघताना हिने विचारलं, आज किती वाजता याल? मी सांगितलं नाही. सांगितलं तर ती त्या वेळेपर्यंत बसून राहील, हे मला पक्कं ठाऊक. फोन तरी घेऊन जा, म्हणाली. मैदानावर फोन आणायचा नाही हा नियम मीच केला आहे. दुसऱ्या सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, असं मला चालत नाही.

सव्वाआठला आलो. ही बाहेर, जिन्याच्या कठड्याला धरून उभी. वॉकर दारातच. कपाळावर घाम, ओठ पांढरे.

"कुठे होतात?"

"मैदानावर."

"एवढा वेळ?"

मी म्हणालो, शाब्बास, वॉकरशिवाय उभी राहिलीस. तिने माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. पंजा गार होता. चिडचिड वाढली आहे, पण प्रगती उत्तम. सहा दिवस हातात आहेत आणि आपण वेळापत्रकाच्या पुढे आहोत.

२८ एप्रिल

पडली. जिन्यात. पाचव्या पायरीवरून.

मी पोस्टमास्तरांच्या घरी चहाला थांबलो होतो. नऊ वाजून गेले होते. मुद्दाम थांबलो होतो.

३ मे

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितो आहे. वही का आणली माहीत नाही, सवयीने हातात आली.

मावशींनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो. ही रोज मी गेल्यावर दहा मिनिटांनी खिडकीशी जायची. रस्ता बघायची. पहिला दिवस सोडला तर, मी वळणावर दिसलो की उठून परत पलंगावर. उशीर झाला की फेऱ्या घालायची, पलंग ते खिडकी, खिडकी ते पलंग. मावशींना म्हणायची, चौऱ्याहत्तरीचा माणूस, फोन नाही बरोबर, माझ्यासारखेच कुठे पडले असतील तर कळणार कसं. त्या दिवशी साडेआठनंतर ती खिडकीपासून हललीच नाही. पावणेनऊला लांबून रुग्णवाहिकेचा आवाज आला. ती मावशींना म्हणाली, मैदानाच्या बाजूनेच आला ना? मावशी म्हणाल्या, मी बघून येते, गॅस बंद करते तोवर बसा. त्या गॅस बंद करायला गेल्या आणि ही निघाली.

छप्पन पावलं. पाच फेऱ्या. मी लाल शाईने लिहीत होतो.

संध्याकाळी ती शुद्धीवर होती. मी विचारलं, मला हे सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, सांगितलं होतं. तुम्ही पंखा बघत होतात.

मग डोळे मिटूनच बोलली. "तुमचं ते जैसे थे मला नको होतं हो. शेहेचाळीस वर्षं तेच तर होतं. माझी ड्यूटी असायची तेव्हा तुम्ही घरी, मी घरी आले की तुम्ही मैदानावर. पाय मोडला तेव्हा तुम्ही पहिल्यांदा बसलात जवळ."

मी म्हणालो, तू एकदा नुसतं म्हणाली असतीस तर मी बसलोच असतो. ती म्हणाली, असं मागून बसवायचं असतं का माणसाला.

मी तिथेच बसून होतो.

१५ मे

डॉक्टरांनी सांगितलं, सळईच्या खाली हाड पुन्हा तुटलं आहे, पण हृदयाची अवस्था बघता दुसरं ऑपरेशन झेपणार नाही. दुखणं कमी ठेवता येईल. चालणं मात्र विसरा. त्यांनी हे इतक्या हळू आवाजात सांगितलं की मला दोनदा विचारावं लागलं.

लेक आली होती, चार दिवस राहून गेली. तिने आईला नेण्याचा विषय काढला, तेव्हा हीच म्हणाली, इथेच बरी आहे. लेकीने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, मी आहे. लेक म्हणाली, बाबा, तुम्ही किती दिवस आहात? ती चिडून बोलली नाही.

मोजपट्टी आज घरी आली. मोजायला आता काही नाही, नुसतीच भेटायला. हिचा हात हातात घेऊन बसली. जाताना वही मागितली. दारात उभ्या उभ्या पानं उलटली आणि मार्चच्या एका पानावर थांबली. शेवटच्या रकान्यावर बोट ठेवून विचारलं, हे काय, काका? म्हटलं, वाया गेलेला वेळ. तिने वही मिटून माझ्या हातात दिली. तिचे डोळे भरले होते. मला तिने चार शब्द सुनावावेत असं वाटत होतं, पण ती पायऱ्या उतरून गेली.

२६ मे

घोटा, टाच, मांडी हे रकाने रिकामे जातात. पाणी पाजलं, कूस बदलली, पाठ पुसली, हे लिहायला या वहीत जागा नाही.

मैदान सोडलं. शिट्टी पोस्टमास्तरांना देऊन टाकली. बँकवाले आठवड्यातून दोनदा येतात. हिच्याजवळ बसतात. ही त्यांना नावाने हाक मारते आणि शब्दकोड्यातले अवघड शब्द विचारते. त्यांना एकही येत नाही.

माझा स्वतःचा व्यायाम बंद आहे. वीस वर्षांचा असल्यापासून एक दिवस चुकवला नव्हता. आता सकाळी उठतो, खुर्चीत बसतो आणि उठावंसं वाटत नाही. परवा तिला कुशीवर वळवताना माझ्या कमरेत कळ आली आणि ती अर्धीच वळली. दोघंही तसेच थांबलो, मावशी येईपर्यंत.

२ जून

आज सकाळी हिने चहा बाजूला ठेवला आणि म्हणाली, "उभे राहा."

मी विचारलं, काय हवंय?

"तुम्ही पडलात तर मला उचलायला कोण आहे? उभे राहा. इथे, मला दिसाल असे. वीस बैठका."

मी म्हणालो उद्यापासून. ती म्हणाली, ही सबब माझीही वापरून झाली आहे. उठलो. पलंगाचा कठडा धरला. तिने मोजायला सुरुवात केली. टेलिफोनवर नंबर सांगायची त्याच आवाजात, एकेक आकडा सुटा. एक. दोन. तीन. गुडघे कुरकुरत होते. पाचाला धाप लागली. तुकडीसमोर मी शंभर काढायचो, अकरा जण बघत असायचे. इथे ही एकटी बघत होती. बारा झाल्या आणि मी थांबलो.

"दुखतंय?"

"नाही."

"मग?"

"मनच होत नाही गं," मी म्हणालो. "कशासाठी करायचं तेच कळेनासं झालंय. तुझ्यासाठी करायला हवं हे कळतं, तरी होत नाही."

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही.

"मग माझं कसं होणार होतं?"

कठडा धरून तसाच उभा राहिलो. तिने माझा श्वास खाली बसेपर्यंत वाट बघितली.

"तेरा," ती म्हणाली.

मी गुडघे वाकवले आणि तेराव्या बैठकीला खाली बसलो.